सातवा कोण

अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या घरासमोर ओटा नाही, दाराबाहेर लादी टाकलेली थोडीशी जागा आहे. संध्याकाळ झाली की तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या पडायच्या आणि पप्पांचे मित्र जमायचे; पप्पांना ते सगळे 'भाऊ' म्हणायचे. कुणी कारखान्यातून रिटायर झालेला, कुणी रिक्षावाला, कुणी पालिकेत. बोलणं राजकारणावरून सुरू होवो नाहीतर नळाच्या पाण्यावरून, चहा येईपर्यंत ते कबड्डीवर आलेलंच असायचं. पप्पा एकेकाळी कारखान्याच्या टीमकडून खेळलेले, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. खेळणं सुटून जमाना झाला तरी माणसाचा शब्द चालतो, हे मला तेव्हा फार भारी वाटायचं. आता नाही वाटत.

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. माझा धाकटा भाऊ उल्हासनगरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता आणि त्या थंडीत आमच्या दारात विषय एकच होता. कॉलेजच्या टीममध्ये सातवा कोण?

सहा जण ठरलेले होते. कॅप्टन स्वतः चढाया करायचा, बाकीचे पाच पकडीचे, आणि त्या पाचांना हात लावायचा नाही हे सरांनी आधीच सांगून टाकलं होतं. उरली एक जागा, दुसऱ्या चढाईवाल्याची. तिच्यासाठी दोन जण. एक माझा भाऊ आणि दुसरा बदलापूरच्या पलीकडच्या गावातला एक मुलगा, भावाचा जिगरी दोस्त. तो आमच्याकडे इतक्या वेळा जेवायला असायचा की त्याच्यासाठी एक ताट कायम घासून ठेवलेलं असे.

दोघांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक. दोस्त अंगाने भक्कम. तिघे त्याला लटकले तरी तो त्यांना घेऊन मधल्या रेषेपर्यंत यायचा आणि हात टेकवायचा. माझा भाऊ काटकुळा. तो समोरच्यांच्या अंगणात असा शिरायचा जसा कुणी पत्ता विचारायला आलाय. इकडे बघ, तिकडे बघ, आणि मग कधी पाय निघाला आणि कधी कोपऱ्यातल्याच्या नडगीला लागला, ते शिट्टी वाजल्यावर कळायचं.

आता कुणी म्हणेल, कॉलेजच्या टीममधल्या एका जागेवरून एवढं काय. पण आमच्याकडे पोरं हौसेने खेळतात आणि त्या हौसेच्या मागे नोकरी उभी असते. फायनल बघायला विद्यापीठाचे निवडणारे येणार होते. तिथे डोळ्यात भरलास तर विद्यापीठाची टीम, आणि विद्यापीठाकडून खेळलास तर पोलिसात, रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती. बाकावर बसलेल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. भावाचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती.

तर दारात रोज दोन पार्ट्या. रिटायर काका म्हणायचे, "ताकद पाहिजे, ताकद. फायनलला डोकं चालत नाही, मान चालते." रिक्षावाले मामा म्हणायचे, "अहो, डोकं नसलेली मान काय कामाची? भाऊंचा पोरगा घ्या. त्याला पकडणारा अजून पैदा नाही झाला." मग सगळे पप्पांकडे बघायचे. पप्पा कपातला चहा बशीत ओतायचे आणि म्हणायचे, "आमच्याला काय येतंय? वाकून चालतो आणि त्याला खेळ म्हणतो." सगळे हसायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "काय भाऊ तुम्ही पण. हिरा आहे पोरगा." पप्पा मान हलवायचे, नाही-नाही म्हणायचे, आणि चहा मात्र तब्येतीत प्यायचे.

ही आमच्या घरातली रीत. आपल्या पोराला चारचौघांत चांगलं म्हणायचं नाही. पप्पांचा नजर लागण्यावर काडीचा विश्वास नाही, तो त्यांच्या तत्त्वातच बसत नाही. त्यांच्यासाठी ही सभ्यता होती. लोक म्हणतात, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे उलटं. दुसऱ्याचा तो बाळ्या आणि आपली ती सगळी कार्टी. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा शेजारच्या काकू पेढा मागायला आल्या. पप्पा म्हणाले, "या वर्षी पेपर सोपे काढले होते." काकू म्हणाल्या, "असं काय बोलता, पोरगी हुशार आहे तुमची." तेव्हा कुठे त्यांना पेढा मिळाला. हा खेळ दोघांनी खेळायचा असतो. घरच्याने पाडून बोलायचं आणि बाहेरच्याने उचलून धरायचं. बाहेरच्याने उचललं नाही, तर पडलेलं पडलेलंच राहतं.

आई होती तोवर काही अडत नव्हतं. पप्पा बाहेर काहीही बोलोत, ती आत येऊन आमच्या कानात सांगायची, "खूश आहेत, बरं का. सकाळपासून गुणगुणतायत." आई त्या थंडीच्या दोन वर्षं आधी गेली. त्यानंतर पप्पांचं बोलणं आमच्यापर्यंत जसंच्या तसं यायला लागलं.

एका रविवारी दुपारी कॉलेजचे सर आमच्या घरी आले. नवे होते, खेळाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेले, वयाने माझ्याहून जरासेच मोठे. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं की बुवापाड्यातल्या भाऊंची नजर पारखी आहे. मी चहा टाकला. माझा भाऊ पडद्यामागे, आतल्या खोलीत, घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळत बसला होता. सर आल्याचं त्याला माहीत होतं. तो लाजून बाहेर आला नाही.

सर सरळ मुद्द्यावर आले. "काका, माझं डोकं चालेनासं झालंय. दोघंही चांगले आहेत. तुम्ही दोघांना इतकी वर्षं बघताय. कोणाला घेऊ?"

"मला काय विचारता सर? त्यातला एक माझा मुलगा."

"म्हणूनच विचारतोय. तुम्ही खोटं बोलणार नाही असं सगळे म्हणतात."

पप्पांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा खुलला होता, हे मी या डोळ्यांनी बघितलं. एवढा शिकलेला माणूस घरी येऊन आपल्याला विचारतोय. आणि त्या खुशीत त्यांच्या तोंडून तेच निघालं जे रोज निघायचं.

"आमच्याचं काय हो सर. कच्चा आहे अजून. अंगात दम नाही. मोठ्या मॅचला घाबरेल. तो दुसरा बघा, कसा भक्कम आहे."

आता सरांची पाळी होती. सरांनी म्हणायचं होतं, नाही हो काका, असं कसं, चांगला खेळतो की. बस, एवढंच. शेजारच्या काकूंना जमतं, रिक्षावाल्या मामांना जमतं. पण सरांनी प्रश्न विचारला होता आणि त्यांना उत्तर मिळालं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "थँक्यू काका. स्वतःच्या मुलाबद्दल इतकं स्पष्ट कुणी बोलत नाही. माझा प्रश्न सुटला."

पप्पांनी तोंड उघडलं. "नाही, म्हणजे तसा तो..."

"तसा काय?"

मी किटली हातात धरून उभी होते. बोला ना, असं मनात म्हणत होते. पप्पा म्हणाले, "काही नाही. तुमचं तुम्ही बघा. चहा घ्या अजून."

सर गेले. मी आत गेले तर भाऊ बँडेजचं टोक हातात धरून तसाच बसला होता. अर्धा घोटा गुंडाळलेला, अर्धा उघडा. मी म्हटलं, "अरे, पप्पांचं बोलणं तुला माहीत नाही का?" तो म्हणाला, "हो गं." आणि ते बँडेज उलटं सोडवायला लागला. मला वाटलं, त्याला कळलंय. घरात ज्याला-त्याला कळतं तसं त्यालाही कळलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पप्पांना म्हटलं, "सरांना फोन करा." ते माझ्यावर उखडले. "फोन करून काय सांगू? माझ्या पोराला घ्या? आयुष्यभर ज्या गोष्टीला शिव्या घातल्या तीच करू?" त्याला कारण होतं. तरुणपणी एका साहेबाच्या भाच्यासाठी पप्पांना टीममधून बसवलं होतं. तेव्हापासून वशिला हा शब्द काढला तरी त्यांचं रक्त तापायचं. आपल्या मुलासाठी शब्द टाकणं म्हणजे त्या साहेबाच्या रांगेत जाऊन बसणं, असं त्यांचं गणित. मी म्हटलं, "वशिला नाही, खरं सांगा फक्त." ते म्हणाले, "खरं काय ते ग्राउंडवर दिसेल." ग्राउंडवर ज्याला उतरवलंच नाही त्याचं काय दिसणार, एवढं विचारायची माझी हिंमत झाली नाही. पप्पा तरातरा कामावर निघून गेले.

फायनल मी बघितली. भाऊ ट्रॅकसूट घालून बाकावर होता. सामना चालला असताना त्याचे पाय बाकाखाली आपले आपण हलत होते, पुढे, मागे, पुढे. दोस्त जबरदस्त खेळला, हे मान्य करायलाच हवं. शेवटच्या चढाईत चौघांना ओढत तो रेषेवर पडला आणि आमचं कॉलेज जिंकलं. सगळ्यात आधी धावत जाऊन त्याला उचलणारा माझा भाऊच होता. दोस्ताची विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली आणि पुढे तो पोलिसात लागला. माझ्या मनात त्याच्याबद्दल आकस नाही. कधीकधी वाटतं, असता तर सोपं गेलं असतं.

आणि मग खरी कमाल झाली. गोष्ट सगळीकडे पसरली होती की भाऊंनी स्वतःच्या पोराला बाजूला सारून लायक पोराला पुढे केलं. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मंडळाने पप्पांचा सत्कार ठेवला. शाल आणि पुस्तक. माइकवर एक जण आवाज चढवून सांगत होता, "पोटचा पोरगा समोर असताना निःपक्षपातीपणे बोलायला वाघाचं काळीज लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा भाऊ मंडळाचा कार्यकर्ता होता, मागे खुर्च्या लावत होता. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. मला वाटलं जाऊन तो माइक हिसकावून घ्यावा. पप्पा मान खाली घालून शाल घेत होते. लोकांना तो विनय वाटला. पप्पांना त्या क्षणी काय वाटत होतं ते मला ठाऊक होतं, कारण खाली उतरताना त्यांचा पाय पायरीवरून चुकला आणि त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

भावाने कबड्डी सोडली. भांडण नाही, आदळआपट नाही. परीक्षा झाली आणि तो उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका जीन्सच्या वर्कशॉपमध्ये लागला. आता तिथे तो कटिंग बघतो. सेठ सिंधी आहे, चांगला माणूस आहे. मला एकदा म्हणाला, "आपका भाई बहुत शांत है, मॅडम. गुस्सा करता ही नहीं." तो आधी असा नव्हता. लहानपणी कॅरमच्या सोंगटीवरून तो घर डोक्यावर घ्यायचा.

माझं लग्न होऊन मी बदलापूरला आले. आम्हा सगळ्यांना वाटायचं, त्याचा पप्पांवर राग आहे आणि तो आतल्या आत गिळतोय. पण रागाची एक खूण दिसेल तर शपथ. पप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात थेंब घालायला तोच होता. त्यांच्या औषधाच्या वेळा त्याला पाठ. फक्त दारात कबड्डीचा विषय निघाला की तो उठून आत जायचा.

मागच्या वर्षी पप्पा माझ्याकडे राहायला आले होते. आम्ही वाटाणे सोलत होतो. समोर टीव्हीवर कबड्डी चालू होती, आवाज बंद करून. एका खेळाडूने पाय टाकून कोपऱ्यातल्याला बाद केलं, आणि पप्पा हातातली शेंग तशीच धरून म्हणाले, "याच्यापेक्षा आपल्याचा पाय लांब जायचा."

मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"मी त्या दिवशी सरांना तसं म्हणायचं म्हणून म्हटलं गं. मला वाटलं, ते म्हणतील नाही हो काका. मग मी म्हणणार होतो, असं म्हणताय तर घ्या त्यालाच. सगळं मनात ठरलेलं होतं. ते काही म्हणालेच नाहीत."

"मग हे त्याला सांगा ना, पप्पा."

"आता काय सांगू? कुठल्या तोंडाने? तूच सांग."

मी सांगायला गेले. फोनवर बोलण्यासारखी गोष्ट नव्हती. कॅम्प चारला त्याच्या जेवणाच्या सुट्टीत गाठलं. कापडाच्या ताग्यांमध्ये तो डबा उघडून बसला होता, बोटं निळी झालेली, ती काही केल्या साफ होत नाहीत. मी सगळं सांगितलं. पप्पा काय म्हणाले, कसं म्हणाले, अगदी पाय लांब जायचा इथपर्यंत. त्याने घास खाली ठेवला.

"म्हणजे मी कच्चा नव्हतो?"

एवढी वर्षं आम्ही त्याच्या रागाची काळजी करत होतो, आणि त्याला राग आलाच नव्हता. त्याने ते खरं मानलं होतं.

"तुला कळलं नव्हतं?" मी विचारलं. "पप्पा सगळ्यांसमोर असंच बोलतात."

"दुसऱ्या गोष्टींत बोलतात. कबड्डीत नाही बोलत. कबड्डीतलं त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? ते म्हणाले कच्चा आहे, मोठ्या मॅचला घाबरेल. मी म्हटलं, बरोबर असेल. उगाच कशाला वाट बघायची." तो हसला. "पाय लांब जायचा, असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

"जायचा खरा," तो म्हणाला, आणि भाकरी मोडायला लागला. जाताना तो मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. कसला आनंद झाला होता त्याला. रविवारी तो मंडळाच्या पोरांचा सराव बघायला ग्राउंडवर जाऊन आला, असं पप्पांनी मला फोन करून कळवलं. दोघांचे आवाज मला बदललेले वाटायला लागले. मी मनात म्हटलं, उशीर झाला, पण झालं एकदाचं.

त्यानंतर महिन्याभराने दोस्त आला. नवीन घर घेतलं होतं, वास्तूच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला मिठाईचा डबा घेऊन आला. मी त्या दिवशी माहेरीच होते. तो आला की आजही पप्पांच्या पाया पडतो. खुर्चीत टेकला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग भावाच्या पाठीवर थाप मारून पप्पांना म्हणाला, "काका, खरा सांगू? ती जागा याची होती. याचा पाय कोनाला दिसायचाच नाय. मी निस्ता रेड्यासारखा घुसायचो. तुमी मना पुढे केलात म्हणून मी आज हाय, नायतर याच्यासमोर माझा काय चालला असता?"

भावाने पप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. दारात कुणी नव्हतं, खोलीत आम्ही चौघेच. पप्पांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. हो रे, असं ओठातल्या ओठात म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पण पाहुणा घरी आला होता. आपल्या हाताने मिठाई घेऊन आला होता आणि स्वतःला कमी लेखत होता. पाहुणा स्वतःला कमी म्हणाला की त्याला वर उचलायचं असतं. पप्पांच्या मांडीवर डबा होता, चेहऱ्यावर तेच यजमानाचं हसू.

"छे रे," पप्पा म्हणाले. "असं कसं? तूच सरस होतास. आमच्याचं काय, तो तेव्हाही कच्चाच होता."

दोस्त संकोचून हसला. भाऊही हसला. "बघ, काका चुकत नसतात," असं त्यानेच दोस्ताला म्हटलं, आणि चहा आणायला आत गेला.

दोस्त गेल्यावर पप्पा माझा हात धरून म्हणाले, "तोंडातून निघून गेलं गं. बोलावून आण त्याला." मी बाहेर धावले. तो बाईकवर बसलेला, सेकंड शिफ्टला निघालेला. मी म्हटलं, "आत चल. पप्पा बोलवतायत."

"उशीर होईल ताई, सेठ वाट बघत असेल." मग हेल्मेट घालता घालता त्याने विचारलं, "त्या दिवशी वर्कशॉपमध्ये तू जे सांगितलंस, ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस ना?"

"नाही रे. आईची शपथ, तेच म्हणाले ते. पाय लांब जायचा म्हणाले."

"असू दे," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता, मलाच समजावत असल्यासारखा. "मी रागावलो नाही. महिनाभर खरंच बरं वाटलं मला."